आधी मशीन, मग कंप्युटर

मी मूळची कोल्हापूरकडची. सात वर्षांपूर्वी जुलैत सिंधुदुर्गात, किनाऱ्याजवळच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायला आले. तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर पैसे. पहिल्या तासासाठी रात्री जागून बेचाळीस स्लाइड केल्या होत्या. वर्गात लॅपटॉप उघडला, प्रोजेक्टरची केबल खोचली आणि पडद्यावर नुसता निळा चौकोन. केबल काढली, घातली, पुन्हा काढली. साठ पोरं शांतपणे बघत होती. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की ती हसली असती तरी मला ऐकू गेलं नसतं.

शेवटी दारातून शिपाईकाका आत आले. छत्री कोपऱ्यात उभी केली, लॅपटॉप बंद करायला लावला, प्रोजेक्टर पेटवला, तो पुरता उजळेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "मॅडम, आदी मशीन लावा, मगे कंप्युटर. उलटा केल्यात तर ता वळखना नाय."

चित्र आलं. तास संपायला अकरा मिनिटं होती.

काकांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे, हे मला पुढे कळलं. संगणक सुरू होताना किंवा केबल जोडली जाताना समोरच्या यंत्राला विचारतो की बाबा, तू कोण आणि किती रुंद-उंच चित्र दाखवू शकतोस. प्रोजेक्टर झोपलेला असेल तर अनेकदा उत्तर येत नाही, आणि संगणक समजतो की पलीकडे कुणीच नाही. तरीही चित्र आलं नाही तर विंडोजचं बटण आणि 'पी' एकत्र दाबा. चार पर्याय येतात, त्यातला दोन्हीकडे एकच चित्र दाखवणारा निवडा. एवढ्यावर दहातले आठ घोळ मिटतात. उरलेले दोन बहुधा रिमोटवरच्या 'सोर्स' बटणाचे असतात. मशीन व्हीजीएच्या, म्हणजे जुन्या केबलच्या, भोकाकडे डोळे लावून बसलेलं असतं आणि तुम्ही एचडीएमआयमधून, म्हणजे नव्या केबलमधून, हाका मारत असता. जुनी व्हीजीए केबल असेल तर तिच्या पंधरा पिना एकदा उजेडात धरून बघा. एखादी वाकली की सगळा नकाशा पिवळा किंवा जांभळा दिसतो, आणि आपण उगाच मशीनला शिव्या घालतो.

नव्याने रुजू होणाऱ्यांना मी पहिली गोष्ट सांगते ती मात्र तंत्राची नाही. आदल्या दिवशी चार वाजता, कॉलेज रिकामं झाल्यावर, ज्या खोलीत तास आहे तिथे जाऊन सगळं एकदा लावून बघा. 'कॉलेजात प्रोजेक्टर आहे' या वाक्याला काही अर्थ नसतो. खोली क्रमांक सातमध्ये प्रोजेक्टर आहे, पण त्याचा प्लग सैल आहे आणि खाली दुमडलेला पुठ्ठा लावावा लागतो, हे खरं वाक्य. आमच्याकडे एक मशीन छताला टांगलेलं, दोन पेटीतून न्यायची आणि एका खोलीत नवा मोठा टचचा पॅनल, जो नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, समिती येणार म्हणून आला. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. ती कुठल्याही माहितीपुस्तकात नसते, काकांना आणि लॅबच्या अटेंडंटला माहीत असते. त्यांच्याशी आधी ओळख करून घ्या. विभागप्रमुखांना नंतर भेटलात तरी चालेल. (हे मी आता कायम झाल्यावर लिहू शकते.)

आता मराठी अक्षरांचं. माझ्या आधीच्या सरांनी जाताना मोठ्या मनाने त्यांच्या सगळ्या नोट्स पेन ड्राइव्हवर दिल्या. वर्गातल्या संगणकावर उघडल्या तर 'सह्याद्री'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी. त्या नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेल्या होत्या. असा फॉन्ट ज्या संगणकावर असतो तिथेच मराठी दिसतं. तेव्हा टंकन युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकाला ओळखता येणाऱ्या अक्षरपद्धतीतच, करा. मंगल किंवा निर्मला हे फॉन्ट विंडोजवर सहसा सापडतात. हौसेने एखादा सुंदर फॉन्ट वापरलाच, तर फाइल जतन करण्याच्या पर्यायांत फॉन्ट फाइलीतच घालण्याची सोय असते, ती वापरा. आणि काहीही केलंत तरी शेजारी पीडीएफ प्रत ठेवा. तिच्यात उड्या मारत येणारी चित्रं गेली तरी अक्षरं हलत नाहीत. देवनागरीला वरखाली मात्रा-उकारांची जागा लागते, म्हणून इंग्रजीत चालणारा अक्षरांचा आकार मराठीत शेवटच्या बाकावरून वाचता येत नाही. मी अठ्ठावीसच्या खाली जात नाही. मजकूर मावत नसेल तर मजकूर जास्त आहे.

पेन ड्राइव्ह दोन ठेवा आणि फाइल स्वतःच्या मेलवरही पाठवून ठेवा. वर्गातल्या संगणकात अख्ख्या तालुक्याचे पेन ड्राइव्ह येऊन गेलेले असतात. एकदा व्हायरस लागून माझे सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन परत आले. फाइली आत लपलेल्या होत्या, सापडल्या, पण तास बुडाला. तिथे मेल उघडलीत तर मेलमधून लॉग आउट केल्याशिवाय जागचं हलू नका. आणि लॅपटॉपवर व्हॉट्सअॅप उघडं ठेवून प्रोजेक्टर लावू नका. मी ठेवलं होतं. मान्सूनचे वारे समजावत असताना पडद्याच्या कोपऱ्यात घरमालकीण काकूंचा निरोप उमटला: 'बांगडे स्वस्त झालेत, आणू काय?' मागच्या बाकावरून उत्तर आलं, "आणा आणा!"

कोकणातला प्रोजेक्टर घाटावरच्यापेक्षा लवकर म्हातारा होतो. हवा खारट आणि दमट. पावसाळ्यात कपाटातली चप्पल हिरवी होते, तिथे भिंगाची काय कथा. गणपतीची सुट्टी लागली की इथे सगळं थांबतं, मशीन आठ-दहा दिवस पेटीत पडून राहतं, आणि उघडल्यावर पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते. ती बुरशी. भिंगाला लागलेली बुरशी रुमालाने पुसायला जाऊ नका, वरचा लेप खरवडला जातो. त्यापेक्षा ती धरूच देऊ नये: पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या, आणि तास असो-नसो, पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा मशीन अर्धा तास पेटवायचं. आतला दिवाच त्याला वाळवतो. कुंभारीण माशी हा दुसरा ताप. मे महिन्याच्या सुट्टीत तिने आमच्या एचडीएमआयच्या भोकात मातीचं सुबक घर बांधलं होतं. सुट्टीत भोकांवर चिकटपट्टी लावून ठेवायची, हे मी त्यानंतर शिकले. पाली मात्र निरुपद्रवी. पडद्यावर किडा आला की धावतात. एकदा एक पाल पालघरपासून सावंतवाडीपर्यंत अख्खी किनारपट्टी उतरून गेली. त्या दिवशी कुणालाही जिल्ह्यांचा क्रम पाठ करावा लागला नाही.

वीज जाणार हे गृहीतच धरा, विशेषतः मृगाच्या आधी वळवाच्या गडगडाटात आणि मग जुलैत झाडं तारांवर पडतात तेव्हा. दिव्याच्या प्रोजेक्टरचं दुखणं असं की आतला दिवा फार तापतो आणि त्याला थंड करणारा पंखाही त्याच विजेवर चालतो. वीज गेली की पंखा थांबतो, दिवा तापलेलाच राहतो. वीज आली म्हणून लगेच बटण दाबू नका, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. तास संपल्यावरही रिमोटने बंद करा, पंख्याचा आवाज थांबू द्या, मगच भिंतीवरचं बटण. आमची पोरं संस्कारी, वर्गातून बाहेर पडताना मेन स्विच बंद करून जातात. घरी तेच शिकवलेलं असतं. त्यांना कारण सांगितलं की ऐकतात. असा दिवा साधारण तीन ते पाच हजार तास टिकायला हवा आणि नवा घ्यायला गेलं की प्राचार्यांच्या केबिनमध्ये दोनदा चहा प्यावा लागतो. गडगडाट जवळ आला तर प्लगच काढा, नेटची तारही काढा, आणि खडू घ्या.

खडूवरून मुख्य गोष्टीकडे येते. दुसऱ्या वर्षी मी कोकणातली कातळशिल्पं शिकवायची ठरवली. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, कोरलेल्या या आकृत्यांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे या जागा, आणि आमच्या पोरांच्या अगदी जवळचं मालवण तालुक्यातलं कुडोपी. फोटो माझ्या लॅपटॉपवर झकास दिसत होते. पडद्यावर टाकले तर नुसता राखाडी धब्बा. पोरं मान तिरकी करून बघत होती, मी लेसरने हवेत रेघा ओढत होते: "ही सोंड, हा पाय." कुणाला काही दिसत नव्हतं आणि सगळे हो म्हणत होते.

कारण साधं आहे, पण मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो. काळा म्हणजे जिथे त्याने उजेड टाकला नाही ती जागा, आणि ती खोलीत आहे तेवढीच काळी होणार. खिडकीतून सड्यावरचं ऊन येत असेल तर पडद्यावरचा सगळ्यात गडद रंग म्हणजे उन्हातली पांढरी भिंत. कातळशिल्प हे मुळातच कातळावर कातळाच्याच रंगाची रेघ. दोन करड्यांमधला तो बारीक फरक उजेडात आधी बुडतो. म्हणून उजेडी खोलीत पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरं आणि जाड रेघांच्या आकृत्या वापराव्यात. फोटो दाखवायचे तर ते आधी कडक, म्हणजे गडद-फिक्यातला फरक वाढवून, घ्यावेत, रेघांवरून रंगीत रेघ मारून घ्यावी, आणि तास सकाळचा नसून खिडक्यांवर सावली असते त्या वेळचा मागून घ्यावा. पडदे बसवून घेता आले तर उत्तमच. आम्ही दोन वर्षं अर्ज करून शेवटी मंडपवाल्याकडून जाड निळं कापड आणलं.

त्या दिवशी मात्र यातलं काहीच हाताशी नव्हतं. मी 'बी' दाबलं. सादरीकरण चालू असताना इंग्रजी 'बी' दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की चित्र परत येतं. मला हे सगळ्यात उपयोगी बटण वाटतं, कारण पोरांचे डोळे पडद्यावरून सुटून तुमच्याकडे येतात. कशेळीचा हत्ती अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे. आमची वर्गखोली मोजली तर लांबीला नऊ मीटर. म्हणजे हत्ती खोलीत मावत नाही, हे सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. पाऊस उघडला होता. ग्रंथालयातून सुतळीचा गुंडा आणला, मैदानावर चार पोरं चार कोपऱ्यांत उभी केली आणि अठरा बाय तेराचा चौकोन आखला. एक पोरगी मधे उभी राहून म्हणाली, "मॅडम, पन वर चढल्याशिवाय त्येंका दिसलो कसो ह्यो?" वरून न बघता एवढी आकृती त्यांनी प्रमाणात आखली कशी, हा प्रश्न बेचाळीस स्लाइडमध्ये कुठेच नव्हता.

तेव्हापासून मी स्लाइड कमी केल्या. एका तासाला दहा-बारा. नकाशा, आलेख, उपग्रहाचं चित्र, म्हणजे जे मला फळ्यावर काढता येत नाही तेवढंच. व्याख्या फळ्यावर. व्हिडिओ घरून उतरवून आणायचा, इथल्या रेंजवर पडद्यासमोर गोल फिरणारं चक्र बघत बसायचं नाही. आवाज येत नसेल तर तो बहुधा एचडीएमआयमधून प्रोजेक्टरच्या इवल्याशा स्पीकरकडे गेलेला असतो. उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या आवाजाच्या चिन्हावरून वाट बदला. कुणी मागची स्लाइड मागितली तर बाण दाबत मागे जाऊ नका. स्लाइडचा आकडा टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं. जिथे थांबलात तिथून परत सुरू करायचं तर शिफ्ट आणि एफ ५.

काका गेल्या वर्षी निवृत्त झाले. जाण्याआधी मी त्यांचं वाक्य एका कागदावर जसंच्या तसं लिहून खोली सातच्या टेबलावर चिकटवलं. या जूनमध्ये आलेल्या नव्या सरांना ती शुद्धलेखनाची चूक वाटली. त्यांनी लाल पेनने 'आदी'चं 'आधी' केलं, 'वळखना नाय'चं 'ओळखत नाही' केलं आणि कागदाची प्रत काढून स्वतःच्या खोली चारमध्येही लावली. खोली चारचा प्रोजेक्टर नवा आहे. सिग्नल मिळाला नाही की पाच मिनिटांत स्वतःच झोपी जातो. तिथे आधी कंप्युटर लावावा लागतो, मग मशीन.