स्टेंटनंतर रक्ताचे रिपोर्ट कसे बघायचे

कराडमधल्या एका छोट्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं रक्त काढतेय. हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तनळीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवलेल्यांच्या घरचे हमखास विचारतात, "ताई, नळी परत अरुंद होतेय का, ते रक्तातून कळेल अशी टेस्ट करा ना." अशी एक टेस्ट नाही. काही आकडे धोक्याची कुणकुण देतात, एवढंच.

म्हणून आधी डिस्चार्जची फाइल उघडा. तिच्यात '2.5 x 28' असं काहीतरी सापडेल. पहिला आकडा स्टेंटचा व्यास, दुसरा लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. व्यास कमी, लांबी जास्त आणि वर डायबेटिस असेल तर नळी पुन्हा भरायचा धोका वाढतो. माझ्याकडच्या कुठल्याही टेस्टपेक्षा हे जास्त सांगून जातं. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये 20 ते 30 टक्के लोकांची नळी परत अरुंद व्हायची. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटमुळे हे प्रमाण साधारण 10 टक्क्यांच्या आत आलं.

मग रक्त. तीन महिन्यांची शुगर (HbA1c) आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, हे दोन सोडू नका. एलडीएलसमोर छापलेली 100 ची मर्यादा तुमच्यासाठी नाही. स्टेंटवाल्यांना बरेच डॉक्टर 55 च्या खाली आणायला सांगतात. म्हणजे 92 आलं, रिपोर्टवर ठळक खूण नाही, तरी ते जास्तच. लिपोप्रोटीन-ए हा एलडीएलसारखाच रक्तातल्या चरबीचा एक प्रकार, तो आनुवंशिक असतो, बहुतेकांना आयुष्यात एकदा केलं तरी पुरे.

खरा गोंधळ एचएस-सीआरपीचा. हा सूज मोजतो, पण सूज कुठली ते सांगत नाही. 1 च्या खाली चांगलं, 3 च्या वर जास्त. एका काकांचा 14 आला आणि घरात रडारड. विचारलं तर दाढ सुजलेली! 10 च्या वर गेला की आधी सर्दी, दात, लघवीचं इन्फेक्शन आठवा, बरं वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत करा. काकांचा नंतर 1.8 आला. आणि साधी सीआरपी वेगळी, चिठ्ठीवर 'एचएस' आहे का बघा.

होमोसिस्टिन, म्हणजे रक्तातलं एक अमिनो आम्ल, फोलिक अ‍ॅसिडनं कमी होतं. ते पॅकेजमध्ये फुकट मिळालं आणि जास्त आलं म्हणून फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मनानं सुरू करू नका. 2001 च्या एका अभ्यासात फोलिक अ‍ॅसिड आणि सोबतच्या बी जीवनसत्त्वांनी नळी कमी भरली, 2004 च्या दुसऱ्यात स्टेंटवाल्यांत उलट जास्त भरली. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटनं (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार) भागून येणारा आकडाही हल्ली विचारतात. 72 भागिले 24, आले 3. साध्या तापानंही तो वर जातो, त्यावर झोप घालवू नये.

दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, जुना रिपोर्ट सोबत आणा. आणि रक्त द्यायचंय म्हणून सकाळची रक्त पातळ करायची गोळी चुकवू नका. निम्मे लोक चुकवतात. पाण्याबरोबर घेऊन या.

छातीत दुखतंय, घाम फुटलाय, तर माझ्याकडे नाही, थेट हॉस्पिटलात. नळी हळूहळू भरत असेल तर ते मात्र पहिल्या सहा-नऊ महिन्यांत चालण्यातून ओळखावं. आमच्याकडचे एक मास्तर रोज सकाळी आगाशिवचा डोंगर चढायचे. रिपोर्ट सगळे छान, पण आठव्या महिन्यात निम्म्यातच बसावं लागायला लागलं. मी रक्त काढलंच नाही, डॉक्टरांकडे पाठवलं. स्ट्रेस टेस्ट, मग अँजिओग्राफी. स्टेंटच्या आतच नळी भरलेली निघाली.