सायकसच्या पालवीवरील निळे फुलपाखरू कसे पाहावे

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर अंगणातल्या सायकसच्या (ताडासारख्या दिसणाऱ्या शोभेच्या झाडाच्या) गाभ्यातून नव्या पानांचा तुरा वर येऊ लागला, की त्या दिवसापासून रोज सकाळी ऊन चढल्यावर झाडापाशी पाच मिनिटे थांबावे. शास्त्रीय नावात ‘पांडवा’ मिरवणारे एक छोटे निळे फुलपाखरू तिथे येते. त्याची मादी फक्त कोवळ्या भागावर अंडी घालते आणि पाती कडक झाली की तिकडे फिरकत नाही. म्हणून ही वेळ चुकवू नये.

नराचे पंख वरून जांभळट निळे असतात, तर मादी तपकिरी असून तिच्या पंखांच्या बुडाशी निळी झाक असते. बसल्यावर मात्र खालची करडी बाजूच दिसते. मागच्या पंखाला दोऱ्यासारखी बारीक शेपटी आणि तिच्यापाशी नारिंगी कडेचा काळा ठिपका असतो. पंख एकमेकांवर घासताना या शेपट्या मिशांसारख्या हलतात आणि शत्रूला डोके मागेच आहे असे भासते.

अंडी खसखशीच्या दाण्याएवढी, चपटी आणि फिकट असल्यामुळे भिंग हवेच. अळ्या हिरव्या किंवा लालसर असतात व गुंडाळलेल्या पर्णिकांमध्ये सहज लपतात, त्यामुळे आधी मुंग्या शोधाव्यात. मुंगी एकाच जागी घुटमळत मिशांनी काहीतरी थोपटताना दिसली, तर तिथे अळी आहे असे समजावे. अळीच्या पाठीवर, मागच्या टोकाजवळ असलेल्या ग्रंथीतून गोड थेंब पाझरतो, मुंगी तो चाटते आणि त्या बदल्यात अळीला परजीवी माश्या व गांधीलमाश्यांपासून बरेच संरक्षण मिळते. भिंगाखाली तो थेंब येताना आणि नाहीसा होताना मी पाहिला आहे. त्यासाठी तासभर उकिडवे बसावे लागले तरी बसावे.

पुढे कोष बहुधा पानांच्या देठांच्या बुडाशी सापडतो. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन आठवडे लागतात.

अळ्यांनी पालवी विद्रूप होते, हे खरे आहे. तरीही मोठे झाड एका पालवीच्या नुकसानीने मरत नाही, म्हणून कीटकनाशक फवारू नये. कुंडीतले रोप लहान असेल, तर तुऱ्यावर पातळ जाळीदार कापड घालून पाती कडक होईपर्यंत ठेवावे. चवथीची साफसफाई करताना कुरतडलेली पाने कापायची असतील, तर आधी देठांच्या बुडाशी कोष नाहीत ना, हे पाहून घ्यावे.