प्रॉसडी चॅट सर्व्हर: इन्स्टॉल झाला, पण चालत नाही? या चुका टाळा

डेबियन लिनक्सवर 'एपीटी इन्स्टॉल प्रॉसडी' म्हटलं की एक्सएमपीपी या खुल्या चॅट प्रोटोकॉलचा डीमन (मागे चालत राहणारा सर्व्हर प्रोग्राम) दोन मिनिटांत उभा राहतो. सेवेची स्थिती दाखवणारं सिस्टीमसीटीएल 'अ‍ॅक्टिव्ह' दाखवतं, तरी एकही क्लायंट (युजरचं चॅट अ‍ॅप) जोडला जात नाही. अशा वेळी पॅकेज काढून पुन्हा टाकण्यात काही अर्थ नाही. दोष बहुतेक वेळा कॉन्फिग फाइलमधल्या ओळींच्या क्रमात, सर्टिफिकेटमध्ये किंवा डीएनएसमध्ये (डोमेनच्या पत्त्यांच्या नोंदींमध्ये) असतो.

ओळ बरोबर, जागा चुकीची

सगळ्यात जास्त वेळ खाते ती ही चूक. कॉन्फिग फाइल लुआ भाषेत असते. तिच्यात 'व्हर्च्युअलहोस्ट' (चॅटचं डोमेन) किंवा 'कम्पोनंट' (ग्रुप चॅटसारखी जोडसेवा) अशी ओळ आली की खालच्या सगळ्या सेटिंग त्याच होस्टच्या धरल्या जातात, थेट पुढची तशी ओळ येईपर्यंत. ओळ डावीकडे सरकवून किंवा मध्ये रिकामी जागा सोडून काही फरक पडत नाही. तळाशी ग्रुप चॅटचा कम्पोनंट असेल आणि त्याच्याखाली तुम्ही 'ऑथेंटिकेशन'ची ओळ चिकटवली, तर ती फक्त त्या कम्पोनंटला लागते. एररही येत नाही, म्हणूनच ही चूक सापडत नाही. ग्लोबल (सगळ्या होस्टना लागणारी) सेटिंग पहिल्या व्हर्च्युअलहोस्टच्या वर ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर 'प्रॉसडीसीटीएल चेक कॉन्फिग' चालवा.

मॉड्यूलच्या यादीत अर्धविराम किंवा स्वल्पविराम लिहायचा राहिला तर मात्र सर्व्हर सुरूच होत नाही. एररमध्ये जो ओळ क्रमांक येतो तो बहुधा चूक असलेल्या ओळीच्या पुढच्या ओळीचा असतो. वरची ओळ तपासा.

सर्टिफिकेट नक्की कोणाचं?

युजरचा आयडी 'रमा@एक्झाम्पल.कॉम' असेल तर सर्टिफिकेट एक्झाम्पल.कॉमचंच हवं, मग मशीनचं नाव चॅट.एक्झाम्पल.कॉम का असेना. एसआरव्ही रेकॉर्ड (सेवा कुठल्या मशीनवर आणि पोर्टवर आहे ही डीएनएसमधली नोंद) फक्त पत्ता सांगतो. क्लायंट पडताळतो ते आयडीतलं डोमेन.

दुसरी अडचण परवानगीची. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेच्या सर्टिफिकेटची प्रायव्हेट की (गुप्त किल्लीची फाइल) रूटशिवाय (मुख्य अ‍ॅडमिनशिवाय) कोणाला वाचता येत नाही आणि डीमन चालतो 'प्रॉसडी' या युजरच्या नावाने. त्यावर उपाय म्हणून ती प्रायव्हेट की सगळ्यांना वाचायला खुली करू नका (हा सल्ला सर्रास दिला जातो). 'प्रॉसडीसीटीएल --रूट सर्ट इम्पोर्ट' आणि पुढे लेट्स एन्क्रिप्टच्या 'लाइव्ह' फोल्डरचा पाथ एवढं पुरतं. फाइल योग्य परवानगीसह प्रॉसडीच्या फोल्डरमध्ये कॉपी होतात. हीच कमांड सर्टबॉटच्या (सर्टिफिकेट आणणारं आणि रिन्यू करणारं साधन) डिप्लॉय हुकमध्येही, म्हणजे रिन्यू झाल्यावर आपोआप चालणाऱ्या कमांडमध्येही, टाका. नाहीतर सर्टबॉट वेळेवर रिन्यू करत राहील, प्रॉसडी जुनीच कॉपी धरून बसेल आणि ९० दिवसांचं सर्टिफिकेट संपलं की सगळ्यांचं लॉगिन एकदम बंद पडेल.

डीएनएस आणि पोर्ट

क्लायंटसाठी ५२२२ आणि इतर सर्व्हरसाठी ५२६९. हे पोर्ट यूएफडब्ल्यूमध्ये (मशीनवरच्या फायरवॉलमध्ये) उघडून भागत नाही. क्लाउड कंपनीच्या पॅनेलमधली फायरवॉल वेगळी असते. एसआरव्ही रेकॉर्डमध्ये आयपी किंवा सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं टोपणनाव) चालत नाही. ज्याला स्वतःचा ए रेकॉर्ड (नावाचा थेट आयपी सांगणारी नोंद) आहे असंच नाव द्या. क्लाउडफ्लेअर वापरत असाल तर त्या नावापुढचा नारिंगी ढग (प्रॉक्सी चालू असल्याची खूण) बंद करा, कारण साधी प्रॉक्सी ५२२२ पुढे पाठवत नाही.

फोटो जात नाहीत

प्रॉसडीची फाइल मर्यादा मुळात १० एमबी असते, पण प्रॉसडीच्या पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची १ एमबी. अपलोडला ४१३ एरर आली की एन्जिनएक्सचं 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज' वाढवा.

शेवटी खात्यांबद्दल: कोणालाही स्वतः खातं उघडू देणारं 'अलाउ_रजिस्ट्रेशन' फॉल्सच राहू द्या, नाहीतर स्पॅमवाले खाती उघडतील. खातं 'प्रॉसडीसीटीएल अ‍ॅडयूजर'ने बनवा. ती कमांड पासवर्ड नंतर विचारते. 'रजिस्टर' कमांडमध्ये तो ओळीतच लिहिला तर शेलच्या हिस्ट्रीत (टाइप केलेल्या कमांडच्या नोंदीत) पडून राहतो.