मेंढीच्या आंबोणात तेल किती, कोणतं आणि कधी

मेंढीच्या दुधाला मुळातच ६ ते ७ टक्के फॅट असते. तेव्हा आंबोणात (चुनी-भरड्याच्या खुराकात) तेलबिया घालायच्या त्या नुसती फॅट चढवायला नाही. खरी गरज मे महिन्यात पडते. पारा ४५ ला टेकला की मेंढी दिवसभर झाडाखाली धापा टाकत उभी राहते आणि पुढ्यातलं कुटार (वाळला भुसा) अर्धंच खाते. तेलात धान्याच्या सव्वादोन पट ऊर्जा असते आणि ते कोठीपोटात (चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटात) आंबत नसल्यामुळे अंगात उष्णताही कमी तयार होते. थोडक्या घासात जास्त बळ मिळतं, मेंढी वाळत नाही, दूध टिकतं.

पावसाळ्यात हिरव्या गवतावर चरणाऱ्या मेंढीला यातलं काहीच देऊ नका. कोवळ्या गवतातल्या तेलानेच दुधातली चरबी चांगल्या जातीची होते. तिथे जवस चारणं म्हणजे पैसा वाया घालवणं.

आधी बेरीज करा

३५ किलोची दुधाची मेंढी दिवसाला साधारण १.४ किलो कोरडा आहार खाते. त्यात एकूण तेल ५ टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे, म्हणजे ७० ग्रॅम. चारा-कुटार १ किलो, त्यात २ टक्के तेल धरलं तर २० ग्रॅम. तूर चुनी (डाळ करताना उरणारा चुरा), मक्याचा भरडा असं आंबोण पाव किलो, त्यातून १० ग्रॅम. हे ३० ग्रॅम पोटात जातातच. उरले ४० ग्रॅम, पण तेवढे पुरते भरू नका. २५ ते ३० ग्रॅमवर थांबा, कारण चारा कमी खाल्ला त्या दिवशी टक्का आपोआप वर जातो.

या २५-३० ग्रॅमसाठी दिवसाला सरकी १५० ग्रॅम लागते (तेल साधारण १८ टक्के), किंवा जवस ७० ग्रॅम (३५ ते ४० टक्के), किंवा बायपास फॅट (कोठीपोटात न विरघळणारी चरबी) ३० ग्रॅम (८४ टक्क्यांच्या आसपास). तिन्हींपैकी एकच निवडा. कोकरू पाजून पाव-अर्धा लिटर दूध उरत असेल तर हे माप निम्मं करा. बेरारी बकरीलाही वजन पाहून हाच हिशेब लावता येतो.

ढेपेचाही हिशेब यात धरा. घाण्यावरच्या सरकी ढेपेत ६ ते ८ टक्के तेल असतं, सॉल्व्हंटने तेल काढून घेतलेल्या पेंडेत जेमतेम १ टक्का. दोन्हींना गावात ढेपच म्हणतात, आणि बेरीज चुकते ती इथेच.

कोणती वस्तू कधी

सरकी जिनिंग सुरू असताना ताजी मिळते, तेव्हा हिवाळ्यात ती चारा. अख्खीच द्या. तिच्या अंगावरच्या रुव्यामुळे ती कोठीपोटात अडकते, रवंथात चावली जाते आणि तेल हळूहळू सुटतं. दोन महिन्यांच्या आतल्या कोकरांपुढे मात्र सरकी किंवा तिची ढेप येऊ देऊ नका. तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य त्यांना बाधतं. पैदाशीच्या नरालाही ती सतत देऊ नये.

जवस पूर्व विदर्भात सहज मिळतो. तो अख्खा दिला तर लेंडीतून तसाच बाहेर पडतो. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार करा आणि रव्याएवढा जाड भरडा. दोन-तीन दिवसांपुरताच भरडा. भरडलेल्या जवसाला लवकर खवट वास येतो आणि तोच पुढे दुधाला लागतो.

उन्हाळ्यात माझं मत बायपास फॅटच्या बाजूने आहे. मोकळं तेल कुटाराच्या काड्यांवर बसतं आणि तंतू पचवणारे जंतू मारतं. उन्हाळ्यात मेंढी जगते ती कुटारावरच, म्हणजे ज्यावर तिचं पोट चालतं तेच पचेनासं होतं. बायपास फॅट म्हणजे चुन्याशी (कॅल्शियमशी) बांधलेली चरबी. ती कोठीपोटात बहुतांश न विरघळता पुढच्या आंबट कप्प्यात जाऊन सुटते. धान्य जास्त झालं आणि कोठीपोट आंबट पडलं, तर मात्र ती तिथेच सुटते आणि फायदा जातो.

बाटलीतलं तेल तोंडात ओतू नका. तळणीचं जळकं तेल तर मुळीच नको.

चारण्याची रीत

व्याल्यावर १५ दिवस थांबा. मग पूर्ण मापाच्या चौथ्या हिश्श्याने सुरुवात करून दर तीन दिवसांनी तेवढंच वाढवा, १० दिवसांत पूर्ण मापावर या. सकाळी लवकर आणि दिवस कलल्यावर असं दोनदा द्या. आधी मूठभर कुटार खाऊ द्या, मग आंबोण. बायपास फॅटला साबणासारखा वास असतो, पहिले काही दिवस मेंढी तोंड फिरवते. चिमूटभर गूळ आणि ओलसर चुनीत कालवून दिलं की खाते.

सरकी किंवा जवस चारत असाल तर रोज ५ ग्रॅम कॅल्साइट पावडर (चुनखडीची भुकटी) टाका. मोकळं तेल कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बांधून बाहेर नेतं. गाईचं क्षार मिश्रण मेंढीला देऊ नका. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस लघवी लाल होऊन जनावर दगावतं. मेंढीसाठीचंच मिश्रण घ्या.

दुधात काय बदलतं

गाईला तेल जास्त झालं की फॅट घसरते. मेंढीत सहसा तसं होत नाही, फॅट थोडी चढते. म्हणून माप चुकलेलं डेअरीच्या पावतीवर दिसत नाही. घसरतं ते प्रथिन, काही दशांश टक्के. तेलातून मेंढीला ऊर्जा मिळते, पण कोठीपोटातल्या जंतूंना त्यातून काहीच मिळत नाही, त्यामुळे त्यांच्यापासून मिळणारं प्रथिन वाढत नाही. पनीर करणाऱ्याला हे आधी कळतं. फाडलेल्या दुधाचं पाणी हिरवट-स्वच्छ निघायला हवं. ते पांढुरकं आणि बोटाला तेलकट लागलं तर चरबी पनीरमध्ये न अडकता पाण्यातून चालली आहे. अशा वेळी तेल कमी करा आणि ढेप किंवा हरभरा चुनी ५० ग्रॅम वाढवा.

जवसाने लोणी मऊ होतं, पामतेलाच्या बायपास फॅटने कडक. दोन्हींनी मेंढी-बकरीच्या दुधाचा उग्र वास थोडा उतरतो, कारण तो वास देणारी आखूड साखळीची स्निग्ध आम्लं कासेत कमी बनतात. पण जवसाचं दूध लवकर पालटतं. ते पितळी चरवीत किंवा कल्हई उडालेल्या भांड्यात ठेवलं, उन्हात राहिलं, की पुठ्ठ्यासारखी चव येते. स्टीलचं भांडं, झाकण आणि सावली, एवढं पाळा.

बिघाड ओळखायचा कसा

रोज सकाळी लेंडी पाहा. सुटी, टणक लेंडी म्हणजे ठीक. चिकटून गोळा झाली, वर चकाकी आली किंवा पातळ झाली तर तेल जास्त झालं आहे. दोन दिवस बंद ठेवून निम्म्या मापाने सुरू करा. लेंडी फोडल्यावर आत अख्खे दाणे दिसले तर भरडा नीट नाही. बसलेल्या दहा मेंढ्यांपैकी पाच-सहाही रवंथ करत नसतील तर चारा कमी पडतोय, तेल नंतर बघा.

ओलसर, बुरशीची ढेप किंवा सरकी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. बुरशीचं विष दुधात उतरतं आणि उकळूनही जात नाही. दुधात या विषाची, म्हणजे अफलाटॉक्सिन एम १ ची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. ढेप मोडून नाकाशी धरा, कुबट वास आला की परत करा.

फॅट तपासायला आधीची आणि नंतरची, दोन्ही मोजणी हवी. पहिल्या धारांचं दूध पातळ असतं, शेवटच्या धारांत फॅट साठलेली असते. म्हणून पूर्ण धार काढून, ढवळून, सकाळ-संध्याकाळचं दूध मिसळून नमुना घ्या. सुरू करण्याआधी तीन दिवस आणि पूर्ण मापावर आल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तीन दिवस. संकलन केंद्रावरचं यंत्र गाय-म्हशीच्या दुधावर बेतलेलं असेल तर आकडा फसवा येतो, तिथे गर्बर पद्धतीने (दुधात आम्ल घालून फॅट वेगळी करून मोजण्याची रीत) करून मागा. फॅटबरोबर प्रथिन आणि लिटर वहीत लिहा. तीन आठवड्यांत लिटर वाढलं नाही, मेंढीच्या पाठीचा कणाही भरला नाही, तर ती वस्तू बंद करून तेच पैसे हिरव्या चाऱ्यावर लावा.