मुलाच्या ताब्यासाठी वकील बघताय? कोल्हापुरात असं शोधा

घटस्फोटाचा विषय निघाला की पाहुण्यांपैकी कोणतरी हमखास म्हणतंय "आपल्या ओळखीचा वकील हाय", आणि तो निघतो जमिनीच्या वाटणीचे दावे चालवणारा. माणूस हुशार असेल ओ, पण पोराच्या ताब्याचं काम वेगळं, तिथं शाळेला कोण सोडतं, आजारपणात रात्री कोण जागतं हे कोर्टापुढं मांडावं लागतं. म्हणून फॅमिली कोर्टात कायम दिसणारा वकील बघा.

वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळं गूगलवरच्या "नंबर वन"च्या नादाला लागू नका. घटस्फोट झालेल्या ओळखीच्यांना विचारा, मग ईकोर्ट्स ॲपवर (कोर्टातल्या केसेसची माहिती देणारं सरकारी ॲप) वकिलाचं नाव टाकून बघा, कुठल्या कोर्टात कसली कामं आहेत याचा अंदाज येतो.

पहिल्याच भेटीत विचारायचं, अंतरिम ताबा (म्हणजे केस चालू असेपर्यंतचा तात्पुरता ताबा) आणि भेटीचा अर्ज कधी टाकणार? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण मूळ केस रेंगाळते आणि तोपर्यंत पोरगं जिथं असतं तिथंच रुळतं, मग कोर्टसुद्धा सहसा ते लगेच हलवत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली घटस्फोटाच्या केसमध्येच हा अर्ज करता येतो. "बघू, तारखा पडूदेत" असं उत्तर आलं तर चहा पिऊन उठा. आणि "ताबा शंभर टक्के मिळवून देतो" म्हणणाऱ्याकडनं तर चहा न पिताच. हिंदू कायद्यात 5 वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडं असतं, पण शेवटी कोर्ट मुलाचं हित बघतं, त्यामुळं आईनंही गाफील राहू नये आणि बापानंही आधीच हात टेकू नयेत.

अजून एक, फॅमिली कोर्टात वकील हा हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते (फॅमिली कोर्ट कायदा 1984, कलम 13). समुपदेशकापुढं तर तुम्हालाच बोलावं लागतं, त्याची तयारी वकील करून घेणार का ते विचारा.

फी टप्प्याटप्प्यानं ठरवा, लिहून घ्या, पावती मागा, लाजू नका. निकालावर टक्केवारी घेणं वकिलाला चालत नाही. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 ला फोन लावा, बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील फुकट मिळतो, पुरुषांना बहुतेक वेळा उत्पन्नाची अट असते.

अपिलासाठी आता मुंबई गाठायला नको, 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ) इथं कोल्हापुरातच आहे, तरी तिथं हाच वकील उभा राहणार की दुसरा बघायचा ते आधीच विचारून ठेवा.

जाताना शाळेच्या फीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचे कागद न्या, झेरॉक्स द्या, ओरिजिनल स्वतःकडंच ठेवा. आणि वकीलपत्रावर (वकिलाला केस चालवायचा अधिकार देणारा कागद) सही करा, पण कोऱ्या कागदावर सही मागितली तर सरळ नाही म्हणा.