टाळेबंदीत उरलेलं दूध कसं मार्गी लावलं

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि आरे कॉलनीतल्या आमच्या तबेल्याचं दूध उचलणारी हॉटेलं, मिठाईवाले एकदम बंद. म्हशीला कुठली टाळेबंदी? दोन्ही वेळा धार काढावीच लागते, नाहीतर कास दगडासारखी होते. जवळच्या सोसायट्यांच्या गेटवर रतीब लावला, तरी दूध उरायचंच. मग खवा आटवला. पाचेक लिटरचा किलोभर पडतो, पण गॅस फार जातो आणि टिकतही नाही. शेवटी तुपावर आलो. साय विरजायची, घुसळून लोणी काढायचं, मंद आचेवर कढवायचं. तडतड थांबून बेरी तांबूस झाली की लगेच उतरवायचं. आणखी ठेवलं तर करपट वास लागतो. ताक वॉचमनला फुकट. तूप मात्र बाजार उघडेपर्यंत डब्यात छान राहिलं.