चिंचोक्यांची बरणी: मुलांना चांगल्या सवयी लावायचा घरगुती उपाय, आणि तो नेमका कुठे फसतो

भिंतीवर स्टार चार्ट लावा, दहा स्टार झाले की खेळणं आणून द्या, हा सल्ला तुमच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन गेला असेल. मला त्याचा खरंच राग येतो, कारण तो पाळून आमच्या घरात मी एक वर्ष वाया घालवलंय. आता चौथं वर्ष आहे, मोठी आठ वर्षांची, धाकटा साडेचारचा, आणि स्टारच्या जागी बरणी आहे: चांगलं काही केलं की तिच्यात एक चिंचोका टाकायचा, ती भरली की सगळ्यांनी मिळून मजा करायची.

सामान काय लागतं? छोटी काचेची बरणी आणि घरची चिंच फोडताना निघतात ते चिंचोके, बस. फक्त तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर चिंचोके अजिबात नकोत, नाकातोंडात घालतात, त्याऐवजी तोंडात मावणार नाहीत इतकी मोठी झाकणं घ्या.

बरणी अख्ख्या घराला मिळून एकच. दोन मुलांच्या दोन बरण्या केल्या की रोज संध्याकाळी मोजणी आणि भांडण ठरलेलं. पहिली बरणी आठ-दहा दिवसांत भरेल इतकी लहान ठेवा, महिना लागला तर साडेचार वर्षांच्या पोराला ती कशासाठी आहे हेच आठवत नाही. आणि बाबांनी ओला टॉवेल गादीवरून उचलला तर त्यांचाही चिंचोका मुलांनी टाकायचा.

कामाच्या सवयी सोप्या असतात. एका वेळी दोनच घ्या, आणि नीट सांगा. ‘शहाण्यासारखं वाग’ हे काम नाही, ‘शाळेतून आल्यावर डबा सिंकमध्ये ठेवायचा’ हे काम आहे. तीनेक आठवड्यांत अंगवळणी पडलं की ते बरणीतून काढून नवीन काम घ्यायचं.

आता अवघड भाग. खरं बोलणं, दुसऱ्याला मदत करणं, आपला नंबर येईपर्यंत थांबणं, याचं काय करायचं? स्टार चार्टच्या वर्षात मी सरळ जाहीर केलं होतं की भावाला मदत केली की एक स्टार. पहिले चार दिवस घर इतकं गोड झालं की मी मैत्रिणींना फोन करून सांगितलं. पाचव्या दिवशी पाहिलं तर मोठी धाकट्याचा बूट स्वतःच सोफ्यामागे टाकत होती, तो रडायला लागला की शोधून द्यायची आणि स्टार मागायला यायची. त्या रात्री मला झोप लागली नाही. तिचं काहीच चुकलं नव्हतं, मी भाव ठरवून दिला होता आणि ती त्या भावाने माल देत होती.

पुढे वाचताना लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा १९७३ साली छापून आलेला प्रयोग सापडला. बालवाडीतली, चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलं तर सर्टिफिकेट मिळेल, काहींना ते नंतर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. नंतर मोकळ्या वेळात बघितलं तर आधी सांगून बक्षीस दिलेली मुलं चित्रांकडे बरीच कमी वळली, अचानक मिळालेल्यांचं मात्र तसं झालं नाही.

तेव्हापासून नियम पक्का आहे: कामाचा चिंचोका आधी ठरलेला, गुणाचा कधीही जाहीर करायचा नाही. दिवसभरात काही दिसलं तर लक्षात ठेवायचं आणि रात्री जेवणं झाल्यावर बोलायचं. ‘गुड गर्ल’ म्हणू नका, त्यातून मुलाला काही कळत नाही. ‘मगाशी बागेत झोक्यावर तुझा नंबर होता तरी त्या रडणाऱ्या मुलीला आधी बसू दिलंस, मी बघितलं’ असं सांगा. कधी त्यानंतर चिंचोका टाकायचा, कधी नुसतंच सांगायचं. मुलं घासाघीस करणारच, ‘आई, पाणी आणलं तर किती?’ मी म्हणते, ‘एकही नाही, मला तहान लागलीये म्हणून आण.’ यापुढे भाषण नको. आठवडाभर कुरकुर होते, मग थांबते, त्या आठवड्यात आजी-आजोबांनाही आधीच विश्वासात घ्या, नाहीतर ते मागून हळूच दोन चिंचोके टाकतात.

आणि टाकलेला चिंचोका शिक्षा म्हणून काढायचा नाही, कितीही राग आला तरी. काल केलेलं चांगलं काम आज खोटं होत नाही. मी एकदा काढला होता तर धाकट्याने दोन दिवस बरणीकडे पाहिलंसुद्धा नाही.

बरणी भरल्यावर वस्तू नको, मोबाइल तर नकोच, सगळ्यांनी मिळून काहीतरी करायचं. पाच चिठ्ठ्या टाका आणि मुलांना उचलू द्या. आम्ही पुण्यात राहतो, आमच्या चिठ्ठ्या अशा: सकाळी लवकर पर्वतीची टेकडी, मोठ्याने पायऱ्या मोजत, म्हणजे शंभरपर्यंतचे आकडे आपोआप पाठ होतात. पेशवे पार्कातली फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी. गच्चीवर गाद्या टाकून झोपणं. रविवारी मुलांनी थापलेली थालीपीठं, कशीही झाली तरी सगळ्यांनी खायची. पीएमपीच्या बसने खिडकीत बसून कात्रजचं प्राणी संग्रहालय, गाडी घरीच ठेवून, कारण धाकट्याला वाघापेक्षा बसच जास्त आवडते. बरणी भरली की त्याच आठवड्यात जा, फक्त कात्रजची चिठ्ठी निघाली तर बुधवार सोडून, बुधवारी ते बंद असतं.